पेस्टचा रविवार

कॉम्प्युटर उघडला की धूळ निघते आणि चार मित्र बसले की किस्से निघतात. धूळ ब्लोअरने उडवून देता येते. किश्शांचं तसं नाही, ते साठतच जातात. पूर्वी आम्ही चौघं एकमेकांना तेच तेच किस्से सांगायचो आणि दर वेळी नव्याने हसायचो. आता समोर बसायला कोणी नाही, म्हणून लिहून काढतोय. भिंतीला सांगण्यापेक्षा हे बरं.

चौघं म्हणजे मी, उमेश, तुषार आणि संदेश. परळच्या भोईवाड्यातली एकच चाळ, एकच मजला, शाळासुद्धा एकच. नोकरीला लागल्यावर चौघांनी मागेपुढे गेमिंगचा कॉम्प्युटर घेतला. आपापल्या खोलीत बसून एकाच मॅचमध्ये खेळायचो. कानाला हेडफोन असूनही गॅलरीतून एकमेकांच्या नावाने ओरडायचो, कारण ती सवय हेडफोनच्या आधीची.

यातलं ज्यांना काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू, काडेपेटीएवढा. गेम सुरू झाला की तो तापतो. त्याच्या डोक्यावर धातूचा कूलर बसवतात, कूलरवर पंखा. आणि प्रोसेसर नि कूलर यांच्या मध्ये एक करडी पेस्ट लावतात, म्हणजे उष्णता खालून वर नीट जाते. काही काळाने पेस्ट सुकते, पंख्यांवर धूळ बसते, आणि मग गेम अडखळायला लागतो. फारच तापला तर कॉम्प्युटर आपला आपण बंद पडतो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, एसी नाही, एप्रिल महिना, मग तो तापणार नाही तर काय करणार?

म्हणून गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही चारही कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवतात ते डबे, माझ्या दारासमोर गॅलरीत आणायचो. वर्तमानपत्र अंथरायचं, कूलर काढायचे, धूळ उडवायची, जुनी पेस्ट पुसून नवी लावायची. हा आमचा पेस्टचा रविवार. गॅलरीत त्याच सुमाराला बायकांचे पापड-कुरडया वाळत असायच्या. माझी आई तिच्या मालवणीत म्हणायची, "आमचा वाळवण सरला. आता तुमचा घाला."

या रविवारचा एकच नियम होता. कॅबिनेट निदान दोन तरी हवीत. एकट्याने आपला कॉम्प्युटर पुसला तर त्याला सफाई म्हणतात, पेस्टचा रविवार नाही. तेव्हा हा नियम गंमत म्हणून केला होता. आता दर वर्षी पाडवा जवळ आला की मला त्याची धास्ती वाटते.

*

तुषारने पहिल्यांदा भारीतला कूलर घेतला तेव्हाची गोष्ट. स्वतःच्या हाताने बसवला. कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. गेम सुरू केला आणि पाच मिनिटांत टेंपरेचर पंच्याण्णव! त्याने खिडकी उघडली, कॅबिनेटचं दार काढून ठेवलं, घरातला टेबल फॅन आणून समोर लावला. त्याचे वडील बिचारे घामाने निथळत बसले आणि वारा कॉम्प्युटरला.

शेवटी आम्ही तिघं गेलो आणि कूलर उपटून काढला. त्याच्या बुडाला पातळ, पारदर्शक प्लास्टिक जसंच्या तसं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, बसवण्याआधी हे काढा.

"वाचता येत नाही का तुला?" संदेशने विचारलं.

"वाचलं की. पण आमच्याकडे नवीन वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत."

यात थाप नव्हती. त्यांच्या टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक होतं, फ्रिजच्या दाराला होतं, सोफ्यावर बसलं की करकर आवाज यायचा. तुषारने आमच्यासमोर ते कूलरचं प्लास्टिक सोललं, पेस्ट लावली, आणि टेंपरेचर साठावर आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याच्या वडिलांनी ते सोललेलं प्लास्टिक उचललं, हाताने सरळ केलं आणि म्हणाले, "संपला. आता जुना झाला तो."

*

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. गिरणी होती तेव्हा माझे वडील साच्याला, म्हणजे त्यांच्या मागाला, हार घालायचे. संदेशचे वडील कारकून, त्यांच्याकडे टाइपरायटरला घालायचे. पुढे हत्यार म्हणजे कॉम्प्युटर झाला. संदेशच्या आईने म्हणजे मालतीकाकूंनी त्याची साग्रसंगीत पूजा केली. समोरच्या जाळीवर हळद-कुंकू, त्यावर झेंडूचा चांगला भरगच्च हार, आणि वरच्या जाळीवर नव्या टॉवेलची घडी ठेवून तिच्यावर नारळ.

आता कॅबिनेट समोरून गार हवा आत घेतं आणि वरून गरम हवा बाहेर टाकतं. काकूंनी त्याचं नाक आणि तोंड दोन्ही भक्तिभावाने बंद केलं होतं.

संध्याकाळी आमची मॅच ऐन रंगात आलेली. आम्ही तिघं पुढे, संदेश मागून राखण करतोय. अचानक संदेश गायब. आम्ही तिघं मेलो. धावत त्याच्या खोलीत गेलो तर कॉम्प्युटर थंडगार बंद, म्हणजे दिसायला थंडगार, हात लावला तर चटका. झेंडूच्या पाकळ्या आतल्या पंख्यात जाऊन बसलेल्या.

"काकू, हार काढू का?" मी विचारलं.

"आज? पूजेचा हार? सकाळपर्यंत हलवायचा नाही."

"पण तो बंद पडलाय."

"मग पडू दे की. सणाच्या दिवशी त्यालाही सुट्टी नको का?"

त्या संध्याकाळी आम्ही चौघं बंद कॉम्प्युटरसमोर बसून श्रीखंड खात होतो. इतकं बोलणं आम्ही त्याआधी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

*

पेस्ट किती लावायची यावर आमच्यात कायमचं भांडण. संदेश म्हणायचा तांदळाच्या दाण्याएवढी. तुषार म्हणायचा वाटाण्याएवढी. उमेशला मोजमाप मान्यच नव्हतं, तो पावाला मस्का लावावा तशी थापायचा. त्यामुळे पेस्टची ट्यूब नेहमी उमेशपाशी संपायची.

एका रविवारी ती उमेशचा नंबर यायच्या आधीच संपली. दुसरी मिळण्यासारखं दुकान बंद. उमेश म्हणाला, "हरकत नाही, घरी आहे," आणि आत जाऊन काहीतरी लावून आला. आम्हाला वाटलं, जुनी ट्यूब असेल. सगळ्यांचे कॉम्प्युटर माझ्या खोलीत जोडले, टेस्ट लावली. टेंपरेचर बरं होतं. उमेश ऐटीत बसला होता.

अर्ध्या तासाने माझी आई स्वयंपाक सोडून बाहेर आली. नाकाने हवा हुंगत म्हणाली, "लवंगेचो वास खयसून येता? कोणाची दाढ दुखता?"

उमेशने प्रोसेसरला टूथपेस्ट लावली होती.

चिडून आम्ही त्याला विचारलं की तुला अक्कल आहे का. तो शांतपणे म्हणाला, "दातांना थंडावा देते असं डब्यावर लिहिलंय." दुसऱ्या दिवशी ती सुकून खडू झाली. खरवडून काढायला मीच बसलो होतो, आणि आई शेजारी बसून लवंगेचे फायदे सांगत होती.

*

आईला टेंपरेचरचे आकडे कळायचे नाहीत. तिची पद्धत वेगळी होती. रात्रीची जेवणं झाली की येता-जाता कॅबिनेटच्या डोक्यावर उलटा हात ठेवायची, जसा आम्हाला ताप आलाय का बघायला कपाळावर ठेवायची तसा.

"आंग तापला ह्येचा. आता निजू दे त्येका."

"आई, एकच मॅच."

ती वाद घालायची नाही. सरळ भिंतीवरचं बटण बंद करायची. मॅच गेली, सेव्ह न केलेलं गेलं, तिघं मित्र गॅलरीतून शिव्या घालतायत, आणि ही कॅबिनेटवर पंचा पांघरते. गरम कॉम्प्युटरवर पांघरूण! मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

मी तिला समजावायला गेलो की याने उलट तो जास्त तापतो. ती म्हणाली, "ताप इलो की घाम येवक होयो."

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. लग्न मी केलं नाही, ते का ते इथे सांगत बसत नाही. ऑफिस लोअर परळला, चालत जातो, चालत येतो. आता भिंतीवरचं बटण कोणी बंद करत नाही. सगळ्या मॅच पूर्ण होतात. ते मला आवडत नाही, हे सरळच सांगतो.

*

तुषार नोकरीसाठी परदेशात गेला, जिथे वर्षातले सहा महिने बर्फ. गेल्या गेल्या त्याने व्हिडिओ कॉल लावला. नवीन घर दाखवेल, बायकोशी दोन शब्द बोलायला देईल, असं वाटलं. त्याने कॅमेरा स्क्रीनवर धरला.

"बघ. गेम चालू आहे आणि प्रोसेसर चाळीसवर. तुमच्या जन्मात बघितलायत?"

"पेस्ट कुठली लावलीस?"

"पेस्ट बदललीच नाही. खिडकी थोडी उघडली की झालं. आपला रविवार इथे कॅन्सल भाई, लागतच नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. मी "मस्त" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर उगाच माझा कूलर उघडून बसलो.

पुढच्या थंडीत पुन्हा कॉल आला. या वेळी कॅमेरा टेबलाखाली होता. कॅबिनेट जमिनीवर, त्याच्या मागच्या पंख्यासमोर तुषारचे दोन पाय, लोकरीचे मोजे घातलेले. आमच्याकडे लोक कॉम्प्युटर थंड करायला जीव टाकतात आणि हा पठ्ठ्या त्याच्यावर पाय शेकत होता.

"अरे, तिकडे घरात हीटर नसतो का?"

"आहे ना. भिंतीत आहे. घरभर आहे."

"मग?"

त्याने पाय पंख्याच्या आणखी जवळ नेले. मग म्हणाला, "हीटरला आवाज नाही रे."

मी फोन चालू ठेवला. माझ्या खोलीतले पंखे जोरात फिरत होते, ते त्याला ऐकू जात असावेत. फोन दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.

*

संदेश त्या मानाने लांब गेला नाही. लोअर परळच्या टॉवरमध्ये गेला, माझ्या ऑफिसच्या खिडकीतून त्याची बिल्डिंग दिसते. पण लांब बदलापूरला गेलेला उमेश भेटणं सोपं आणि हा कठीण.

त्याने पंखेवाला कूलर टाकून पाण्याचा बसवला. त्यात पंप असतो, तो दोन नळ्यांतून पाणी फिरवतो आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेतो. वर रंगीत दिवे, इंद्रधनुष्यासारखे फिरणारे. खोलीत एसी. टेंपरेचर फोनवर दिसतं. पेस्टच्या रविवारी मी त्याला फोन केला तर म्हणाला, "यायचं होतं रे, पण कॅबिनेट गेटबाहेर न्यायचं तर सोसायटीच्या ॲपवर परवानगी काढावी लागते." पुढच्या वर्षी परवानगी मिळाली असावी, कारण तेव्हा कारण वेगळं होतं.

मग एका शनिवारी त्याचाच फोन. "काहीच कळत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात, सगळं झकपक दिसतंय, आणि दोन मिनिटांत बंद पडतो."

मी चालत गेलो. लिफ्टने वर गेलो. दार त्यानेच उघडलं. बायको-मुलगी कुठल्याशा वाढदिवसाला गेल्या होत्या. एसी इतका जोरात की तो शाल घेऊन बसला होता. मी नळ्यांना हात लावून पाहिला. एक चटका बसेल इतकी गरम, दुसरी थंड. पंप मेला होता. पाणी जागच्या जागी उभं, आणि दिव्यांना त्याचा पत्ताच नाही.

"दिवे लागलेले दिसले म्हणजे घरात कोणी आहे असं नसतं," मी त्याला टोमणा मारला.

मी कूलरबद्दल बोलत होतो. तो हसला नाही. उठून चहा करायला गेला. चहा झाला, मग बिस्किटं काढली, मग म्हणाला, जेवूनच जा. मी म्हणालो पंप उद्या बदलू. तो म्हणाला, "उद्या पण ये ना."

दुसऱ्या दिवशी गेलो तर बायको-मुलगी घरी होत्या, पाहुणे होते, आणि संदेशने पंप कंपनीच्या माणसाकडून सकाळीच बदलून घेतला होता. दारातच बोललो. पाडव्यानंतरच्या रविवारी नक्की येतो म्हणाला. मी त्या वर्षी त्याच्यासाठी वर्तमानपत्र जास्त अंथरलं होतं.

*

राहता राहिला उमेश. चाळीतली खोली भावाच्या नावावर झाली आणि तो बदलापूरला गेला. दर पाडव्यानंतर चादरीत बांधलेलं कॅबिनेट घेऊन दादरला उतरायचा, टॅक्सी करायचा, आणि जिन्याखालून माझ्या नावाने बोंब ठोकायचा. पूर्वीच्या काळचं पत्र्याचं धूड होतं ते. आम्ही दोघं मिळून ते तिसऱ्या मजल्यावर आणायचो आणि हा प्रत्येक वळणावर बसून घाम पुसायचा.

मधल्या एका वर्षी तो आला नाही. मुलाची परीक्षा होती. मी एकट्यानेच माझा कॉम्प्युटर पुसला, आणि नियमाप्रमाणे ती नुसती सफाई झाली.

या वर्षी मी ग्रुपवर लिहिलं, "रविवारी पेस्ट आहे. कोणी येणार नसेल तर यापुढे ठेवत नाही." रागाने लिहिलं होतं. खरं म्हणजे राग नव्हता, भीती होती. एकदा बंद झालं की मग हे तिघं कोणत्या कारणाने माझ्याकडे येणार? मित्राला नुसतं "ये" म्हणायची सवय आम्हाला कधी लागलीच नाही. तुषारने अंगठा पाठवला. संदेशने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. उमेशने काहीच नाही.

रविवारी सकाळी मी सवयीने वर्तमानपत्र अंथरलं. गॅलरीत आता पापड कोणी घालत नाही, सगळे विकत आणतात. दहाच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. उमेश वर आला होता, काखेत चादरीत बांधलेलं कॅबिनेट. खालून हाक नाही, वळणावर बसणं नाही, धापसुद्धा नाही.

"अरे, हाक मारायची ना. मी आलो असतो धरायला."

"छे. जमतं अजून."

मी त्याच्या हातातून घ्यायला गेलो तर त्याने अंग वळवलं. "राहू दे, जड आहे." मग स्वतःच भिंतीला टेकवून ठेवलं.

आधी माझा काढला. कूलर उतरवला, जुनी पेस्ट पुसली. उमेशने नवी लावली, नेहमीसारखी मस्का थापल्यासारखी, आणि मी नेहमीसारखा बोललो. दोघांनी अंडा करी आणि पाव खाल्ला. तो मुलाबद्दल बोलला, कंपनीत माणसं कमी करतायत त्याबद्दल बोलला, पाण्याच्या टँकरबद्दल बोलला. मी विचारलं, हल्ली ऑनलाइन दिसत नाहीस. म्हणाला, "वेळ कुठे मिळतो." चार वाजत आले.

"चल, आता तुझा," मी म्हणालो.

"उशीर झाला रे. तुझा झाला ना, बास."

"वेडा आहेस का? एवढ्या लांबून आणलास तो काय फिरायला?"

मी चादरीची गाठ सोडली. कॅबिनेट ओढायला हात घातला आणि ते माझ्या अंदाजापेक्षा फार सहज पुढे आलं.  स्क्रू काढले, पत्र्याचं दार बाजूला केलं.

आत पंखे होते. वायरी होत्या, नीट गुंडाळून रबरबँड लावलेल्या. बाकी काही नव्हतं. प्रोसेसर नाही, कूलर नाही, बोर्ड नाही, काहीच नाही. पलीकडच्या पत्र्यावर स्क्रूची रिकामी भोकं दिसत होती.

मी उमेशकडे पाहिलं. तो कठड्यावरून खाली बघत होता. खाली मुलं क्रिकेट खेळत होती आणि कोणीतरी आऊट की नॉट आऊट यावर भांडत होतं.

थोड्या वेळाने तो माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसला. ब्रश उचलून माझ्या हातात दिला.

"पंख्यांवर बघ किती बसलीय," म्हणाला.

धूळ होती खरी. मी एक पंखा घेतला, त्याने दुसरा. पात्यापात्यामधून पुसून काढले, ब्लोअर मारला, कोपरे साफ केले. मी दार लावून स्क्रू पिळले, त्याने चादरीची गाठ मारली. मग ते काखेत घेऊन तो जिन्याकडे निघाला.

पहिल्या पायरीवर थांबला आणि मागे वळून म्हणाला, "पुढच्या वर्षी जरा लवकर ठेव रे. एप्रिलपर्यंत माझा फार तापतो."